जीपीए २.४ असूनही लेकीची फायनान्शियल एड थांबली. एसएपी अपील कोणी केलंय का?

कृष्णाकाठ_जर्सी
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय कारण दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

आम्ही न्यू जर्सीत, ग्रीन कार्डवर. मोठी लेक एका सरकारी विद्यापीठात आहे (नाव नको लिहायला), आत्ता मे महिन्यात पहिलं वर्ष संपलं. परवा तिला ईमेल आली की सॅटिसफॅक्टरी अकॅडेमिक प्रोग्रेस (एसएपी, म्हणजे एड चालू राहायला लागणारी अभ्यासातली प्रगती) पूर्ण नाही म्हणून फॉलपासून (ऑगस्टनंतरच्या सेमिस्टरपासून) एड सस्पेंड. पेल ग्रँट (परत न करायची फेडरल मदत), फेडरल लोन, वर्क-स्टडी (एडमधून मिळणारं काम), सगळंच. घरात सध्या एकच पगार आहे, एड नसेल तर फॉलची फी भरणं शक्य नाही हे स्पष्टच सांगते.

मला कळत नाहीये ते हे, की तिचा जीपीए (सगळ्या ग्रेडची सरासरी, ४ पैकी) २.४ आहे. २.० च्या वर असलं की झालं असंच आम्ही धरून चाललो होतो. फॉलला केमिस्ट्री जड जायला लागली तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या डब्ल्यू (विथड्रॉ, म्हणजे विषय मध्येच सोडणं) घेऊन टाक, जीपीएला धक्का लागत नाही, म्हणून घेतला. मग फेब्रुवारीत सांगलीला माझी आई गेली. लेक लहानपणी तीन वर्षं आजीकडेच वाढलेली, ती ऐकेचना, माझ्याबरोबर आली, सोळा दिवस आम्ही तिकडे होतो. परत आल्यावर तिचं लक्षच लागेना, फिजिक्सला डब्ल्यू घेतला आणि कॅल्क्युलस टू मध्ये एफ आला. बाकी बहुतेक विषयांत बी नाहीतर बी प्लस.

ऑफिसला फोन केला तर म्हणाले मुलगी अठराच्या वर आहे, तिच्या लेखी परवानगीशिवाय तुमच्याशी काही बोलता येणार नाही. आता नेमकं करायचं काय? अपील म्हणून एक फॉर्म आहे असं ईमेलमध्ये लिहिलंय. कोणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.

साधा_माणूस
बापरे. ताई, आईंबद्दल ऐकून वाईट वाटलं. जीपीए ठीक असताना एड कशी काय थांबवतात? काहीतरी चूक झाली असणार, आधी ऑफिसात जाऊन भांडा.

एड_ऑफिसवाली
कृष्णाकाठताई, आधी आईंसाठी मनापासून श्रद्धांजली. मी इलिनॉयमधल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात नऊ वर्षं काम करतेय, हीच अपीलं रोज वाचते. भांडायला जाऊ नका, चूक झालेली दिसत नाहीये.

फेडरल एडसाठी प्रगती तीन बाजूंनी मोजतात आणि लोकांना त्यातली एकच माहीत असते. पहिली जीपीए, बहुतेक कॉलेजांत २.०. दुसरी पेस, म्हणजे जेवढे क्रेडिट घेतले त्यातले किती पूर्ण केले, तिथे ६७ टक्के लागतात. तिसरी एकूण मुदत, डिग्री १२० क्रेडिटची असेल तर दीडपट म्हणजे १८० क्रेडिट घेऊन होईपर्यंतच एड मिळते. तिन्ही एकाच वेळी सांभाळाव्या लागतात.

डब्ल्यूचा फटका बसतो तो पेसला. जीपीएत तो दिसत नाही हे खरं, पण ‘घेतलेल्या’ क्रेडिटमध्ये मोजला जातो आणि ‘पूर्ण केलेल्या’त शून्य. एफचं तसंच, इनकम्प्लीटचंही (काम अपुरं म्हणून ग्रेड पुढे ढकलतात ते) तसंच. सेमिस्टरच्या सुरुवातीला अॅड-ड्रॉपच्या मुदतीत विषय काढला तर तो कुठेच मोजत नाहीत, त्यानंतर काढला की डब्ल्यू. मुलांना हे दोन्ही एकच वाटतं आणि तिथेच घात होतो.

दोन्ही सेमिस्टरचे क्रेडिट लिहा बरं इथे, मी गणित करून सांगते.

कृष्णाकाठ_जर्सी
फॉलला १६ घेतले, केमिस्ट्रीचे ४ गेले म्हणजे १२ झाले. स्प्रिंगला १५, त्यात फिजिक्स ४ आणि कॅल्क्युलस ४ गेले, ७ उरले.

एड_ऑफिसवाली
म्हणजे ३१ पैकी १९. टक्के होतात ६१.३. सहा टक्क्यांनी राहिलंय. आणि तुमचं विद्यापीठ हे वर्षातून एकदाच, स्प्रिंगनंतर तपासत असणार, म्हणून थेट सस्पेंशन आलं. जी कॉलेजं दर सेमिस्टरला तपासतात त्यांना आधी एक वॉर्निंग देता येते, त्या सेमिस्टरला एड चालू राहते. वर्षातून एकदा तपासणाऱ्यांना वॉर्निंग देण्याची मुभाच नाही, त्यांच्याकडे सरळ अपील.

आता बरं ते सांगते. नियमात अपीलाची कारणं लिहिलेली आहेत आणि त्यात नातेवाइकाचा मृत्यू हे शब्द स्पष्ट आहेत, विद्यार्थ्याचं आजारपण किंवा अपघात आहे, शिवाय इतर विशेष परिस्थिती. तुमचं कारण अगदी पहिल्याच ओळीतलं आहे. पण नुसतं कारण पुरत नाही. दोन गोष्टी सांगाव्या लागतात, तेव्हा का जमलं नाही आणि आता काय बदललंय. माझ्याकडे येणारी निम्मीअधिक अपीलं पहिल्या गोष्टीवर दोन पानं लिहितात आणि दुसरीवर ‘आय विल वर्क हार्ड’ एवढंच. कमिटीला त्यातून काहीच हाती लागत नाही.

चहाटपरी_ह्यूस्टन
एक विचारू का, डब्ल्यूच्या ऐवजी इनकम्प्लीट मागितला असता तर? आमच्या मुलाला अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या वेळी प्रोफेसरने दिला होता.

एड_ऑफिसवाली
मागायला हरकत नव्हती, पण बहुतेक ठिकाणी अर्ध्याहून जास्त कोर्स झालेला असला तरच देतात. आणि एक लक्षात ठेवा, इनकम्प्लीटचा ग्रेड नंतर लागला की बऱ्याच ऑफिसांत एसएपी आपोआप पुन्हा मोजली जात नाही, विद्यार्थ्याने जाऊन सांगावं लागतं. तुमच्या मुलाला सांगितलंय ना हे कोणी?

चहाटपरी_ह्यूस्टन
नाही हो, आजच बघायला सांगतो. थँक्यू.

टेक्सासवाल्या पालकांसाठी दोन ओळी टाकून ठेवतो. इथे फेडरलवर भागत नाही. टेक्सास ग्रँट चालू ठेवायला २.५ जीपीए, वर्षाला २४ क्रेडिट आणि ७५ टक्के पूर्ण, असं लागतं, म्हणजे फेडरलपेक्षा कडक. आणि सरकारी कॉलेजांत पूर्ण बॅचलर्सच्या काळात मिळून सहाच विषय ड्रॉप करता येतात, २००७ च्या फॉलपासूनचा कायदा आहे. आमच्या थोरल्याचे दुसऱ्या वर्षातच चार संपले होते आणि त्याने आम्हाला सांगितलंही नव्हतं.

अटलांटाकर
जॉर्जियाचंही असंच. माझ्या मुलाची फेडरल एसएपी उत्तम होती पण राज्याची होप स्कॉलरशिप गेली, कारण तिला ३.० लागतो आणि ते ३०, ६० आणि ९० तासांना (म्हणजे तेवढे क्रेडिट झाल्यावर) तपासतात. त्याचा ३० तासांना २.९१ निघाला. ०.०९ साठी गेली! त्याने एक विषय पुन्हा घेऊन डीचा बी केला होता, कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर नवीन ग्रेड लागला आणि जीपीए ३ च्या वर दिसत होता म्हणून आम्ही निर्धास्त. होपचा जीपीए वेगळा काढतात हे नंतर कळलं, त्यात दोन्ही वेळचे ग्रेड धरतात. ६० तासांना ३.१ करून परत मिळवली त्याने, पण मधलं वर्ष खिशातून गेलं. आणि दुसऱ्यांदा गेली की कायमची गेली, म्हणून त्यानंतर दर सेमिस्टरला पोरगा स्वतः कागदावर मांडून बघतो.

तेव्हा सगळ्यांना कळकळीने सांगतो, मुलाला जितक्या ठिकाणाहून पैसे मिळतात तितके नियम वेगळे वेगळे वाचा. फेडरलचे वेगळे, राज्याचे वेगळे, कॉलेजच्या मेरिट स्कॉलरशिपचे तिसरेच.

पिंपळपान
माझ्या मुलीचं पहिलं अपील नाकारलं होतं म्हणून लिहितेय. तिचे आजोबा गेले होते, साताऱ्याजवळच्या गावी. ग्रामपंचायतीचा दाखला आम्ही तसाच स्कॅन करून लावला, हाताने मराठीत भरलेला. ऑफिसला त्यातलं अक्षर कळलं नसणार, डॉक्युमेंटेशन अपुरं म्हणून परत आलं. मग इंग्रजी भाषांतर करून नोटरी केलं आणि पुन्हा पाठवलं, पण तोवर फॉलची फी भरायची तारीख उलटून गेली होती. एक सेमिस्टर ती घरी बसली. सहा क्रेडिटच्या खाली गेल्यामुळे लोनचा सहा महिन्यांचा ग्रेस पिरियडही (हप्ते सुरू व्हायच्या आधीची सूट) तेव्हापासून मोजायला लागला. कागद आधी नीट जमवा ताई, मग फॉर्म भरा, पण उशीर अजिबात करू नका.

कृष्णाकाठ_जर्सी
पिंपळपान, किती उपयोगी सांगितलंत. आईचा दाखला महापालिकेचा आहे, मराठी-इंग्रजी दोन्ही आहे त्यावर. पण माझ्या डोक्यात आत्ता आलं, आडनाव! आईचं आडनाव माझ्या माहेरचं, लेकीचं तिच्या बाबांचं. हिची आजी होती हे कशावरून धरणार ते?

पिंपळपान
तुमचा जुना भारतीय पासपोर्ट आहे का? त्याच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं असतात. ते पान, आणि लेकीच्या जन्मदाखल्यावर तुमचं नाव. साखळी जुळते.

कृष्णाकाठ_जर्सी
आहे!! कपाटातून काढून बघितला आत्ता. आईचं नाव आहे, स्पेलिंगही दाखल्यासारखंच. लेकीच्या पासपोर्टवर मुंबईचे येण्याजाण्याचे शिक्के आहेत तेही लावते, विमानाची तिकिटं ईमेलमध्ये आहेत.

एड_ऑफिसवाली
उत्तम. शिक्के फार कामाचे, कारण त्या तारखा आणि फिजिक्सच्या डब्ल्यूची तारीख शेजारी शेजारी ठेवली की कमिटीला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता पत्र. ते लेकीने लिहायचं, तुम्ही नाही. पालकाने लिहिलेलं पत्र पहिल्या दोन वाक्यांत ओळखू येतं. एक पान पुरे. आणि फॉलची केमिस्ट्री आजीच्या नावावर घालू नका, आजी फेब्रुवारीत गेल्या, केमिस्ट्री नोव्हेंबरमध्ये सोडली, तारखा समोर असतात. तिथे जे झालं ते खरं सांगायचं.

कृष्णाकाठ_जर्सी
खरं म्हणजे ती आठवड्याला २२ तास कॅफेत काम करत होती तेव्हा. आम्हाला दहा सांगितलं होतं. काल रात्री हे सगळं बोलताना रडत रडत सांगितलं तिने. पुस्तकांचे पैसे आमच्याकडे मागायचे नव्हते म्हणून. मला काय बोलावं सुचेना, नुसतं जवळ घेतलं.

रानजाई
ताई 🙏 पोर गुणाची आहे तुमची.

एड_ऑफिसवाली
हेच लिहायचं. ‘२२ तास काम करत होते, आता दहाच्या वर करणार नाही’ हे बदललंय काय या प्रश्नाचं थेट उत्तर आहे. सोबत अॅडव्हायजरला भेटून फॉलचे विषय ठरवून त्यांची सही घ्या, ट्युटरिंग सेंटरची वेळ घेतली असेल तर ती ईमेल जोडा. दुःखासाठी कॉलेजच्या काउन्सेलरकडे गेली तर त्यांचं साधं पत्रही चालतं, भेटीत काय बोललं ते लिहायची गरज नसते.

आणि अपीलाच्या निकालाची वाट बघत बसू नका, समरमध्ये आकडा सुधारता येतो का बघा. ३१ पैकी १९ आहेत. तीन क्रेडिटचा एक विषय केला तर ३४ पैकी २२, ६४.७, नाही पुरत. चारचा एक केला तर ३५ पैकी २३, ६५.७, तरी नाही. चार अधिक तीन केले तर ३८ पैकी २६, ६८.४. झालं.

कृष्णाकाठ_जर्सी
म्हणजे अपीलाशिवायच सुटेल?

एड_ऑफिसवाली
सुटू शकेल, पण दोन्ही चालू ठेवा. जवळच्या काउंटी कॉलेजात जुलैचं सेशन असतं, फी बरीच कमी. तिथून ट्रान्सफर झालेले क्रेडिट घेतलेल्यातही धरतात आणि पूर्ण केलेल्यातही, म्हणून पेस वाढतो. मात्र तीन गोष्टी आधी विचारून घ्या. एक, विद्यापीठ ते विषय स्वीकारेल याची लेखी मंजुरी, आणि साधारण सी तरी यावाच लागतो. दोन, ट्रान्सक्रिप्ट ऑगस्टमध्ये कधीपर्यंत पोचायला हवी. तीन, तिथे कॅल्क्युलस टू केला तर विद्यापीठातला एफ जीपीएतून निघेल का, बहुतेक ठिकाणी निघत नाही, तो तिथेच पुन्हा घेतला तरच निघतो. तुमचा जीपीए २.४ आहे म्हणून ते एवढं अडणार नाही. काउंटी कॉलेजात ती पाहुणी विद्यार्थिनी असेल, त्यामुळे तिथे पेल मिळणार नाही, पैसे खिशातून.

मुळामुठा
मी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर मास्टर्स करतोय, आम्हाला फेडरल एड नाहीच, पण असिस्टंटशिपला बहुतेक डिपार्टमेंट ३.० जीपीए मागतात आणि तो दोन सेमिस्टर खाली राहिला की ट्युशन वेव्हर (फीमाफी) जातो. एफ-१ वाल्यांनी विषय सोडून फुल टाइमच्या खाली जायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसची परवानगी घ्याच. पैशाचं नंतर बघता येतं, स्टेटस गेलं तर फार अवघड होतं.

साधा_माणूस
आम्ही अजून एच-१ (नोकरीचा व्हिसा), मुलगा एच-४ (त्यावरच्या कुटुंबीयांचा व्हिसा) वर बारावीत आहे. त्याला पेल मिळतं का?

एड_ऑफिसवाली
नाही, एच-४ वर फाफ्सातून (फेडरल एडचा अर्ज) फेडरल एड नाही, ग्रीन कार्ड लागतं. काही राज्यांत इन-स्टेट ट्युशन मिळते आणि कॉलेजच्या स्वतःच्या मेरिट स्कॉलरशिप मिळू शकतात, त्यांचे जीपीएचे नियम मात्र पहिल्या दिवसापासून वाचून ठेवा.

चहाटपरी_ह्यूस्टन
मेजर बदलणाऱ्यांबद्दलही सांगा ना. धाकट्याला बायोलॉजीतून कॉम्प्युटर सायन्सला जायचंय, ७० क्रेडिट झालेत.

एड_ऑफिसवाली
काही कॉलेजं मेजर बदलल्यावर जुने, लागू न होणारे क्रेडिट मोजत नाहीत, काही सगळे मोजतात. १८० च्या मर्यादेत ७० तर गेलेत, नव्या डिग्रीला किती उरतात ते अॅडव्हायजरकडून लिहून घ्या. मर्यादेत डिग्री पूर्ण होणं अशक्य आहे असं गणिताने दिसलं की १८० पर्यंत थांबतही नाहीत, त्याच वेळी एड बंद करतात. शिवाय पेल आयुष्यात बारा सेमिस्टरएवढंच, ते वेगळं.

कृष्णाकाठ_जर्सी
मंडळी, अपडेट. १९ जूनला अपील दाखल केलं. पत्राचा पहिला मसुदा तीन पानी होता, त्यातली दोन आजीवरच, आजीच्या हातची आंबोळी, आजीने शिकवलेले पाढे. मी काही म्हटलं नाही. तिने ती दोन पानं स्वतःच वेगळी काढून ठेवली आणि एका पानाचं पाठवलं. शेवटचा परिच्छेद असा होता, ‘मी कामाचे तास दहावर आणले आहेत, मॅनेजरचं पत्र जोडलं आहे. फॉलला १३ क्रेडिट घेणार आहे, यादी अॅडव्हायजरच्या सहीने जोडली आहे. मंगळवारी आणि गुरुवारी गणिताच्या ट्युटरिंगला जाणार आहे. कोणताही विषय सोडायच्या आधी एड ऑफिसला येऊन विचारेन.’

काउंटी कॉलेजात दोन विषयांची नोंदणीही केली, कॅल्क्युलस टू आणि एक तीन क्रेडिटचा. मंजुरी लेखी घेतली. लेकीने परवानगीचा फॉर्म भरून दिलाय, आता ऑफिस माझ्याशीही बोलतं.

पिंपळपान
छान झालं. आता पोर्टल रोज बघा, ईमेल कधीकधी स्पॅममध्ये जाते.

कृष्णाकाठ_जर्सी
मंजूर झालं!! ११ जुलैला कळलं. फॉलसाठी प्रोबेशन (अटींवर एड चालू) आणि सोबत अकॅडेमिक प्लॅन, घेतलेले सगळे क्रेडिट पूर्ण करायचे, एकही डब्ल्यू नाही, सेमिस्टरचा जीपीए २.० च्या वर. दुसऱ्या वर्षाचं लोनही सुरू राहणार, त्याची मर्यादा ६,५०० आहे म्हणे, पण आम्ही लागेल तेवढंच घेऊ. सगळ्यांचे किती आभार मानू. एड_ऑफिसवाली, तुम्ही कधी जर्सीला आलात तर घरी जेवायलाच या.

एड_ऑफिसवाली
मनापासून आनंद झाला. समरचं अर्धवट सोडू नका हं, प्रोबेशन मिळालं म्हणून. ट्रान्सक्रिप्ट ऑगस्टमध्ये पाठवाच.

कृष्णाकाठ_जर्सी
डिसेंबर अपडेट. समरमध्ये कॅल्क्युलसला बी आणि दुसऱ्यात ए. फॉलला १३ पैकी १३. आता ५१ पैकी ३९, म्हणजे ७६.५ टक्के, हे गणित तिनेच करून फ्रिजवर लावलंय. फिजिक्स पुन्हा घेतलं होतं, त्यात बी प्लस.

नवा_सभासद_ओहायो
हा धागा शोधत शोधत आलो. मुलाची डब्ल्यूची शेवटची तारीख उद्या आहे आणि तो आत्ता फोनवर विचारतोय सोडू का. आत्तापर्यंत ४४ पैकी ३२ झालेत, या सेमिस्टरला १५ घेतलेत, त्यातला चार क्रेडिटचा ऑरगॅनिक केमिस्ट्री सोडायचाय. नापास होईल अशी भीती आहे.

कृष्णाकाठ_जर्सी
आधी गणित करा. सोडला तर ५९ पैकी ४३, म्हणजे ७२.९, फेडरलच्या पेसला पुरतं. नापास झाला तरी पेस तेवढाच राहील, पण जीपीएलाही फटका बसेल. मात्र सोडल्यावर ११ क्रेडिट उरतात, फुल टाइमला १२ लागतात. कॉलेजची मेरिट स्कॉलरशिप किंवा राज्याची ग्रँट आहे का त्याला? असेल तर उद्या सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या त्याला स्वतःला जायला सांगा, तुम्ही फोन करून उपयोग नाही.

नवा_सभासद_ओहायो
मेरिट आहे, वर्षाला ४,०००. त्याला अलार्म लावायला सांगितलाय, ऑफिस साडेआठला उघडतं.